मोसंबीचं औषध सफरचंदाला

भोकरदनजवळच्या शिवारात धर्मराजची मोसंबीची बाग. माणूस कष्टाळू, पण तोंडावर ताबा म्हणाल तर राम राम! त्यानं हौसेनं सफरचंदाची चार झाडंही लावली होती. गेल्या साली त्यांना पहिल्यांदा फळ धरलं, ते पिकेपर्यंत बोराएवढंच राहिलं. पारावरच्या लोकांनी मीठ लावून खाल्लं. त्याच दिवशी त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, सांगून टाकलं, की पुढच्या साली पुन्हा बोरंच आली तर झाडांना कुऱ्हाड लावीन. ती बोलली की करते, हे धर्मराजला लग्नापासून ठाऊक.

यंदा झाडं नुसती लगडली. एकेका घोसात पाच-पाच गोट्या. भाची प्रियदर्शनी शेतकी कॉलेजात शिकते, ती होळीला आली होती. तिनं बजावलं, की झाडाला एवढं पोसवत नाही. घोसात एखादंच फळ ठेवा, बाकीची हातानं तोडा नाहीतर संजीवक फवारून गळवा, म्हणजे उरलेलं मोठं होतं.

हे सांगितलं कोणाला, तर धर्मराजला! सारा जन्म मोसंबीची फळगळ थांबवण्यात गेलेला. पडलेल्या फळापाशी तो दुखवट्याला आल्यासारखा बसायचा.

"अगं, फळ पाडायला कोन औषध मारतं का? मी हितं एकेक फळ धरून ठेवायला मरून राह्यलो."

गोजरबाईनं एका घोसाला हात लावला, तर हा गडी झाडाला मिठी मारून उभा.

भाची गेली आणि वारं सुटलं. धर्मराज धसकला. मोसंबीची गळ थांबवायला तो दरसाल मारतो ती बाटली त्यानं काढली, पंप पाठीला लावला आणि कोणाला न विचारता झाडं चिंब केली. वर पारावर सांगून आला, की आता एक फळ पडलं तर मिशी उतरवीन.

आठवडा सरला तसा झाडांच्या बुडाशी गोट्यांचा सडा पडला. धर्मराजला जेवण गोड लागेना. मिशी उतरवली, कुऱ्हाड कडब्याच्या गंजीत लपवली आणि शेवटी भाचीला फोन करून रडला. काय मारलं, असं तिनं विचारलं. यानं बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. पोरीला हसू आवरेना.

"मामा, हेच संजीवक तर मी सांगितल्तं. मोसंबीवर बेतानं मारलं की फळ धरतं, अन् सफरचंद गोटीएवढं असताना मारलं की गळतं."

जूनमध्ये उरलेली सफरचंदं मुठीत मावेनात. पारावर यंदा कोणी मीठ मागितलं नाही. औषध आपण मुद्दामच मारलं, असं धर्मराज वर्षभर जो भेटेल त्याला सांगत फिरला. गोजरबाईनं गंजीतून कुऱ्हाड काढून सरपण फोडलं आणि त्याला बोलू दिलं.

पुढच्या साली पुन्हा गोट्या धरल्या. गोजरबाईनं औषध कालवून पंप पुढ्यात ठेवला. धर्मराज झाडापर्यंत गेला, नळी वर धरली आणि तसाच परत आला.

"तूच मार, गोजर. मला न्हाई बघवत."

तिनं पंप चढवला. हा मोसंबीकडं तोंड करून, झाडांना पाठ देऊन उभा. आवाज थांबला तसं त्यानं न वळताच विचारलं, की सगळी झाली का.

"तीन झाली," गोजरबाई पंप उतरवत म्हणाली. "कडेचं तुमच्यासाठी ठेवलंय. लागू द्या त्याला बोरं."