पाणी मेंबर नाही

एचओएच्या मीटिंगला दोन वर्षं बसा, किश्श्यांना तोटा नाही! एचओए म्हणजे आपल्याकडची सोसायटीच. फक्त इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, ती तुमच्या अंगणातल्या गवताची उंचीही बघते. मी सेक्रेटरी कसा झालो? निवडणुकीच्या मीटिंगला गेलो नाही म्हणून!

* * *

आमचे प्रेसिडेंट देशपांडे नागपूरचे, नियमाला पक्के. माझ्या बायकोने, मंजिरीने, घरापुढे अळू लावलं. पुढच्या अंगणात गवतच हवं, असा नियम. देशपांडे आले, सहा अळुवड्या खाल्ल्या, म्हणाले, "वहिनी, एक नंबर!" आणि खिशातून नोटीस काढली. चौदा दिवसांत अळू उपटा!

खाली सही सेक्रेटरीची. मंजिरीने अळू उपटलं, आणि आठवडाभर मला नुसता वरणभात वाढला.

* * *

आमची कॉलनी उंचावर. खालच्या जुन्या वस्तीत मिस लोरेटा राहतात, स्कूल बस चालवून रिटायर झालेल्या. झाडं तोडून आमची घरं उठली, तेव्हापासून मोठा पाऊस आला की आमचं पाणी त्यांच्याकडे शिरतं. त्यांच्या आईने बांधलेलं घर, आता घराच्या तळाची लाकडं कुजायला लागलीत. मला त्याची खरंच लाज वाटायची.

गवताऐवजी पाणी धरणारी झाडं लावू द्या, एवढंच सांगायला त्या मीटिंगला आल्या.

"सॉरी मॅम, इथे फक्त मेंबर बोलू शकतात," देशपांडे म्हणाले.

"तुमचं पाणी कुठे माझ्या घरचं मेंबर आहे? तरी येतंच ना!"

मी हे मिनिट्समध्ये लिहिलं. देशपांडेंनी खोडलं. मी परत लिहिलं.

* * *

देशपांडेंची इरा लॉ शिकते. सुट्टीत घरी आली होती. आम्ही जेवायला गेलो, तर बापलेकीची जुंपलेली.

"माझ्या जमिनीवर माझा हक्क!"

"आणि पाण्यावर, बाबा?"

"ते काय, वाहून जातं."

"वा! म्हणजे राइट्स कुंपणाच्या आत, आणि डॅमेज बाहेर?"

देशपांडेंनी तिला आणखी भाजी वाढली.

* * *

शेवटी गवताचा नियम बदलायचा का, यावर मतदान ठरलं. क्लबहाऊसला रंग लावणं चालू होतं. अशा वेळी जागा सेक्रेटरीने ठरवायची, हा नियम देशपांडेंचाच. मी पत्ता टाइप केला, मिस लोरेटांचा!

शनिवारी सकाळी आभाळ भरलेलं. देशपांडे मागच्या पायरीवर बूट काढू लागले.

"राहू द्या, घालूनच या," लोरेटा म्हणाल्या.

"नो नो मॅम, आमच्यात घरात बूट चालत नाहीत!"

घरांच्या किमतींवर त्यांचं भाषण रंगलं, आणि बाहेर पाऊसही. अर्ध्या तासाने खिडकीतून दिसलं, पायरी पाण्याखाली आणि बूट गायब! देशपांडे तसेच बाहेर धावले. लोरेटांनी झाडूने कुंपणाशी अडकलेला एक बूट ओढून घेतला.

"माझ्या आवारात आलाय. आता हा माझा की तुमचा?"

देशपांडे कुंपणावरून वाकून बघू लागले. दुसरा बूट दिसतच नव्हता. आत आले, ओल्या मोज्यांवर उभे राहिले. मतदान अजून व्हायचं होतं. मत द्यायला आलेली मंजिरी समोरच बसली होती.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "अळूचे कंद ठेवलेत का हो?"