तिसऱ्या मजल्यावरचं धुकं

धुकं पडतं, ते कुणी पाडायचं नसतं, हे आमच्या साडूंना कुणीही सांगितलेलं नाही, आणि आता सांगून उपयोगही नाही. इंदिरानगरातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ऐन एप्रिलमध्ये पहाटे धुकं असतं. पहिल्या दिवशी दूधवाला “आग! आग!” म्हणून ओरडला होता. आता तो नुसता वर बघतो आणि विचारतो, “काका, आज कमी सोडलंय का?”

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं सांभाळली. निवृत्त होताना यंत्रं तिथेच राहिली, सवय घरी आली. त्यांच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असतो. कुणाच्याही घरी चहा आला की ते तो कपात बुडवतात, थांबतात आणि समाधान झालं तरच पितात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी मोठ्या हौसेने गरम जिलबी वाढली. साडूंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि भर पंगतीत जाहीर केलं, “उत्तम! फक्त पाक जरा पुढे गेलाय.” मला दुसऱ्यांच्या वतीनेही लाज वाटते, त्यामुळे मी पानात बघत बसलो. तर मला कोपराने ढोसून म्हणतात, “साडूभाऊ, तुम्ही कशाला खाली बघता? चूक आचाऱ्याची आहे.”

त्यांच्या मुलीने एका हिवाळ्यात त्यांच्या कोरड्या नाकासाठी धुकं सोडणारं छोटं यंत्र पाठवलं आणि घराचं शांत आयुष्य संपलं. पाण्यात बुडालेली नाण्याएवढी चकती. वीज दिली की ती इतक्या वेगाने थरथरते की हललेली दिसत नाही, आणि वरचं पाणी न उकळताच धुकं होऊन उठतं. साडूंनी ते यंत्र नाकासाठी वापरण्याआधीच खोललं. मग स्वतःचं, मोठं बनवलं. त्यात बोअरचं पाणी भरल्यामुळे टीव्हीवर, देवांवर आणि झोपलेल्या त्यांच्या बायकोवर, म्हणजे माझ्या मेहुणीवर, क्षाराचा पांढरा थर बसला. “लग्नात सुद्धा एवढी पावडर लावली नव्हती मी,” ती म्हणाली. साडूंनी शांतपणे टिपलं, “फिल्टरचं पाणी हवं.”

हे सगळं गमतीत गेलं असतं, पण त्याच सुमारास आमच्या सासूबाई इगतपुरीहून आल्या. आल्या म्हणजे आणल्या. तिथल्या घरात एकट्या असताना त्या न्हाणीत पडल्या, आणि यापुढे एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्या थोरल्या लेकीकडे राहिल्या. आमच्याकडेही एक खोली रिकामी आहे, हे मी इथे लिहून टाकतो, कारण ते मी कुठे बोलत नाही. मी दर रविवारी फळं घेऊन जातो.

सासूबाईंची पत्र्याची पेटी पलंगाखाली भरलेलीच असायची. चहा विचारला की त्या म्हणत, “घेते, मग निघते.” एकदा तर पेटी रिक्षात घालून नाशिकरोड स्टेशनापर्यंत पोचल्या होत्या. दोघी बहिणी फोनवर रडत. परत गेल्या आणि पुन्हा पडल्या तर, ही भीती आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर होती. एका रविवारी मी धीर करून विचारलं, “आई, इथे काय कमी आहे?”

“काही कमी नाही हो. लेक चांगली, घर चांगलं. पण सकाळी उठलं की सगळं एकदम दिसतं. आमच्याकडे धुक्यातनं एकेक दिसायचं.”

मी मान हलवली आणि त्यांना संत्रं सोलून दिलं. साडू उठले आणि गॅलरीची मापं घ्यायला गेले.

त्यांनी गॅलरी पारदर्शक प्लास्टिकने बंद केली, टबात चकत्या लावल्या आणि सासूबाईंना समारंभपूर्वक खुर्चीत बसवलं. धुकं भसाभस आलं. सासूबाईंनी हात पुढे केला. “जावईबापू, ही तर कुकरची वाफ.”

“वाफ नाही आई. वाफ गरम असते.”

“मग हे काय गार आहे?”

थर्मामीटरने सासूबाईंची बाजू घेतली. चकतीच्या थरथरीने पाणी तापतं. तापलं की धुकं भरपूर, पण कोमट. बर्फ टाकला की गार, पण इतकं विरळ की सासूबाई म्हणाल्या, “एवढं तर मी थंडीत तोंडाने सोडते.” मग चकत्या वाढल्या, पंखा बदलला, पाण्याची पातळी बोटाबोटाने वरखाली झाली. फ्रिजमधला बर्फ गेला. “पाहुण्यांना कोमट सरबत आणि कबुतरांना थंड हवा!” मेहुणी करवादली. शेवटी सगळं जमलं, पण बर्फ टिकेना. भुशात बर्फ भरून मधे पाण्याचं भांडं बसेल, अशी झाकणाची पेटी हवी होती. घरात तशी एकच होती.

पुढच्या रविवारी सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या आणि साडू टेप घेऊन पलंगाखाली शिरले होते. “साडूभाऊ, अगदी मापात आहे!” ते आतून कुजबुजले.

“अहो, बाहेर या. त्या पेटीला हात लावू नका,” मी म्हणालो.

“झाली का मापं घेऊन?” सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं. साडूंचं डोकं पलंगाला आपटलं. बाहेर येऊन, डोकं चोळत, त्यांनी भुसा, बर्फ, भांडं सगळं समजावलं.

“पेटी तुम्हाला दिली तर मी जाऊ कशात?”

“तुम्ही म्हणाल त्या दिवशी रिकामी करून, पुसून देईन, आई. सोडायलाही मीच येईन.” त्यांना खोटं बोलता येत नाही, तापमानसुद्धा ते कधी ढोबळमानाने सांगत नाहीत.

सासूबाई “बघते,” म्हणाल्या.

नंतरच्या रविवारी साडूंनी मला पहाटेच बोलावलं. सासूबाईंची लुगडी मेहुणीच्या कपाटात खालच्या कप्प्यात होती आणि पेटी गॅलरीत. गार, दाट धुकं. समोरची इमारत, तिच्यावरच्या टाक्या, खालचं कडुनिंबाचं झाड, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सासूबाई शाल घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आता ओसरू द्या. हळूहळू हं. तिकडे एकदम नाही जात.”

धुकं आणायचा विचार करता करता ते घालवायचा साडूंनी केलाच नव्हता. क्षणभर गोंधळले, मग मला म्हणाले, “साडूभाऊ, हे धुकं कमीजास्त करायचं बटण धरा. केसभर केसभर फिरवा. मी चहाचं बघतो.” मी चिकूंची पिशवी खाली ठेवली आणि बटण धरलं. कडुनिंबाचा शेंडा दिसला. मग एक टाकी.

“चहा घेता ना, आई?” आतून साडू.

“घेते.”

मी पुढच्या ‘मग निघते’ची वाट पाहिली. सासूबाई झाडाकडे बघत होत्या. मी बटण किंचित मागे फिरवलं. टाकी पुन्हा दिसेनाशी झाली.