शून्य दिवस

हडपसरला आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, त्याच रस्त्याला आमची औषधं तपासणारी खासगी प्रयोगशाळा होती. बाहेरून गोदामच वाटायची. घराण्यातली पहिली पदवीधर मी. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून तिथं प्रोबेशनवर लागले. नवं औषध गरोदर बाईला द्यायच्या आधी ते गाभण उंदराच्या मादीला देऊन पोटातल्या पिल्लांचं काय होतं ते बघायचं, हे आमचं काम. मला त्याची लाज कधी वाटली नाही. कुणाला तरी ते करावंच लागतं.

खोलीवर आणखी दोन मुली होत्या, दोघी कॉम्प्युटर कंपनीत. मी कामाचं खरं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी गॅलरीत एक वेगळी दोरी बांधलेली दिसली. माझे कपडे त्या दोरीवर.

संध्याकाळी मादी नराच्या पिंजऱ्यात सोडायची. सकाळी तिच्या अंगातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. शुक्राणू दिसले की गर्भाचे दिवस सुरू. रविवारसुद्धा सुटायचा नाही. कॉलेजात आम्ही त्या दिवसाला पहिला दिवस म्हणायचो, म्हणून मी पिंजऱ्याच्या कार्डावर 'एक' लिहीत गेले. इथं त्याला शून्य दिवस धरत. कामाच्या नियमांत तसं छापलेलंही होतं, पण हे तर आपल्याला येतंच, म्हणून ते पान मी वाचलंच नव्हतं.

विसाव्या दिवशी माद्या मारायच्या, पिल्लं काढून तोलायची. औषध न दिलेल्या माद्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे होत्या, औषध दिलेल्या माझ्याकडे. माझ्याकडची पिल्लं लहान निघाली. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, औषधाचा परिणाम स्पष्ट दिसतोय, अहवाल लिहायला घ्या. मी खूश. आकडे जुळवायला सहकाऱ्याची कार्डं मागून घेतली, तर सगळीकडे सुरुवात शून्यापासून. माझ्या माद्या मी एक दिवस आधी उघडल्या होत्या. औषधाचा काही दोष नव्हता, पिल्लांना वाढायला एक दिवस कमी मिळाला होता.

सांगितलं तर नोकरी जाणार, हे दिसत होतं. गावात वडील पोरगी पुण्यात शास्त्रज्ञ आहे म्हणून सांगत फिरायचे. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. एरवी तरी कुणाशी बोलत होते म्हणा. तिसऱ्या दिवशी कार्डं घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले आणि सांगून टाकलं.

बाईंनी सगळी कार्डं पाहिली. मग चष्मा काढला.

"नियम वाचले नव्हतेत?"

"नाही. मला येतं असं वाटलं."

"हो, विद्यापीठात पहिल्या आला होतात ना आपण."

मी मान खाली घातली नाही. त्या म्हणाल्या की सगळं पहिल्यापासून करा, दोन्ही गट तुम्हीच सांभाळा, आणि प्रोबेशन आणखी सहा महिने. नोकरी राहिली. माद्या मात्र फुकट गेल्या. ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा लोक नोकरीचंच विचारतात.

मंजूर झालेली रजाही गेली. ती धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाची होती. त्या दिवशी दुपारी मी एसटीडी बूथवरून घरी फोन केला. मागं बायकांची गाणी चालली होती. येणं जमत नाही, काम आहे, एवढंच मी वडिलांना सांगितलं.

"तुह्याबिगर चालतच नाही काय वं त्याइचं?"

"नाही चालत, बाबा."

त्यांनी रिसीव्हर हातातच ठेवून तिकडं कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, पोरीले सुट्टीच देत नाहीत म्हणे, तिच्याबिगर अडते त्याइचं. गाणी थोडी थांबली. कुणीतरी कौतुकानं काही बोललं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी फोन कानाला लावून उभी राहिले.