शामसुंदररावांचे नवे कान

शामसुंदरराव अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या मागून गायले आणि चांगले गायले, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. पुढे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला फारशी जागा मिळणार नाही.

तमिळनाडूत, कुंभकोणममधल्या त्यांच्या गल्लीत एक भजनमठ आहे. तिथली रीत अशी, की एक जण पुढे बसून ओळ म्हणतो आणि मागची दहा-बारा माणसं तीच ओळ त्याला परत देतात. ती पुरी परत आली, की मगच पुढच्याने दुसरी उचलायची. पुढे बसत कृष्णमूर्ती भागवतर, वय वर्षं एक्क्याऐंशी. मागच्यांत पहिला आवाज शामसुंदररावांचा. अभंग मराठी, पण गाणारे बहुतेक सगळे तमिळ, तमिळ लिपीत उतरवून घेतलेले कागद समोर धरून गाणारे. घरात मराठी बोलणारं बिऱ्हाड गल्लीत एकच उरलेलं, ते शामसुंदररावांचं. नवरा आणि बायको, बस्स. ‘गाणं आमच्या भाषेतलं, आणि आम्ही मागे!’ हे दुखणं त्यांनी अठ्ठावीस वर्षं लोणच्यासारखं मुरवलं होतं.

यंदा ज्येष्ठात भागवतरांना ओळ पुरी व्हायच्या आधीच धाप लागायला लागली. त्यांनी शामसुंदररावांना बोलावून सांगितलं, "शामा, गोकुळाष्टमीला अभंगांना तू पुढे बस. जमलं तर जागा तुझी. नाहीतर विश्वेश आहेच."

विश्वेश म्हणजे जवळच्या आडुतुरै गावचा, घरी बसून संगणकाचं काम करणारा, चाळिशीतला माणूस. मठात येऊन त्याला जेमतेम सहा वर्षं झालेली. त्याचं नाव ऐकलं आणि शामसुंदररावांनी मनाशी पक्कं केलं. आता तयारी करायची तर अशी करायची, की कुणाची बोलायची छाती होता कामा नये.

पण तयारी करायची कुठे? दिवसभर ते पितळी भांड्यांच्या दुकानात. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक समई घेवो न घेवो, टिचकी मारून बघणारच. घरी आलं तर खाली पिठाची गिरणी. आणि स्वयंपाकघरात गोमतीबाई.

गोमतीबाईंचं सांगायला हवं. लग्न झाल्यापासून नवरा माजघरात ओळ म्हणाला, की त्या चुलीपाशी सार ढवळता ढवळता ती परत देत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. मठात त्या बायकांच्या बाजूला गप्प बसत, गात त्या घरातच. इतकी वर्षं शामसुंदररावांनी त्याची कधी दखल घेतली नाही, आणि आता घेतली ती कशी, तर म्हणाले, "आता मी पुढे बसणारा माणूस! तू मध्ये मध्ये लुडबुड करू नकोस."

दुकानातल्या कुणीतरी सल्ला दिला, की कानात घालायचे बिनतारी इअरबड्स घ्या, जगाची कटकट मिटेल. गेले मोबाइलच्या दुकानात. तिथे लावण्या नावाची मुलगी होती, रोज चोळपुरमहून बसने येणारी, स्वतः व्हायोलिन शिकणारी. तिने दोन जोड्या समोर ठेवल्या.

"मामा, ही रबरी बोंडांची. कानात घट्ट बसते, बाहेरचं सगळं बंद. बसमध्ये मी हीच लावते. आणि ही कानाच्या तोंडाशी नुसती टेकते. हिच्यात तंबोराही ऐकू येतो आणि बाहेरचंही. तुम्हाला गायचंय ना? मग ही घ्या. कान बुजवून गायलं, की आपला आवाज डोक्यातच घुमतो, आणि सगळं छानच वाटतं."

एवढं स्वच्छ सांगितलं होतं हो पोरीने! पण पालथ्या घड्यावर पाणी. रावांनी घट्ट बसणारी जोडी कानांत कोंबली आणि हळूच षड्ज लावला. काय तो आवाज! भरदार, गोल, मोठ्या हंड्यात तोंड घालून गावं तसा. साठीला आलेल्या माणसाला कुणी इतक्या वर्षांत म्हटलं नव्हतं, की काय गळा आहे तुमचा. आता त्यांच्याच डोक्याने म्हटलं.

"हीच दे," ते म्हणाले. "मला बाहेरचं काही ऐकायचंच नाही."

मग सुरू झाली तयारी. सकाळी कानांत तंबोरा; दुकानात, जेवताना, झोपेपर्यंत महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या गवयांचे अभंग. ते गवई एकटेच गाणारे. एक ओळ झाली, की लगेच दुसरी. त्यांच्यामागे थोडीच मठातली दहा डोकी बसली होती? राव त्यांच्याबरोबर गात सुटले, ओळीला ओळ लावून. गोमतीबाई सवयीने ओळ परत द्यायच्या. ऐकतो कोण? एकदा त्या देत असताना राव पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. बायकोचे ओठ हलताना दिसले, तशी त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला. गप्प. त्या दिवसापासून त्या घरात नुसतं सार उकळायचं.

गोकुळाष्टमीला मठ भरला होता. राव नवं धोतर नेसून ऐटीत पुढे बसले. कानांत जोडी तशीच. विश्वेश मागून वाकून म्हणाला, "अण्णा, कानांतलं काढताय ना?" त्यांनी ती रागाने उपसून खिशात टाकली.

तंबोरा गेला, हंडा गेला, आणि उरला तो स्वतःचा खराखुरा आवाज. तो त्यांना इतका चिरका वाटला, की ते घाबरले आणि ओरडून गायला लागले. सूर चढला. पहिली ओळ संपली, मागच्यांनी ती उचलली, आणि राव दुसरीवर! दोन्ही ओळी एकमेकींवर आदळल्या. मृदंग अडखळला. रावांनी मागे वळून डोळे वटारले, जशी काही चूक मागच्यांची. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. बोलून चालून दोन महिन्यांची सवय, ती अशी सुटते होय? आपलंच घोडं पुढे दामटायचं, एवढंच ते शिकले होते.

"शामा, थांब जरा. त्यांना येऊ दे," भागवतर गुडघ्यावर हात आपटत म्हणाले.

तिसऱ्या वेळी मागून कुणी काही परत दिलंच नाही. ओळ म्हटली आणि मठात शांतता. आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूने एक आवाज आला. एकटा, न घाबरलेला, नेमक्या सुरात. गोमतीबाईंनी ओळ परत दिली होती, तीही भर मठात, जन्मात पहिल्यांदा.

शहाणा माणूस त्या आवाजाचा हात धरून सावरला असता. शामसुंदरराव वळले आणि गरजले, "तू गप्प बस!"

ते मराठीत बोलले. शब्द सगळ्यांना कळले नसतील, पण कळायचं ते कळलं. गोमतीबाईंनी पदर सावरला आणि खाली बघितलं. भागवतरांनी बोटाने विश्वेशला पुढे बोलावलं. तो तमिळ लिपीतला कागद घेऊन बसला, एक ओळ म्हणाला, आणि थांबला. मागून सगळा मठ ती ओळ घेऊन आला. शामसुंदररावांना रडू फुटेल असं वाटलं. लाज वाटली ती जागा गेल्याची, बायकोवर ओरडल्याची नव्हे.

दुसऱ्या दिवशी ते भागवतरांच्या पाया पडायला गेले. म्हातारा मनाने मऊ. म्हणाला, "पुढच्या शुद्ध एकादशीला पुन्हा एकदा बघू. पण शेवटचं. गळा आहे तुला, थांबायचं तेवढं शीक. घरी ओळ परत देणारं कुणी आहे?"

"बायको आहे."

"मग आणखी काय हवंय? तिच्याबरोबर बस."

राव घरी आले. गोमतीबाई अळूच्या पानांच्या शिरा काढत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "गोमती, मी ओळ म्हणतो. तू परत दे."

गोमतीबाईंनी पुढचं पान उचललं.

"अगं, तुलाच सांगतोय. माझ्या जागेचा प्रश्न आहे!"

"आधी हाताने गप्प केलंत, तेव्हां मी आवरतें घेतलें," गोमतीबाई म्हणाल्या. "काल तोंडाने केलंत, चार लोकांत. आतां भिंतीस म्हणा ओळ. भिंत मध्ये मध्ये येत नाहीं."

पंधरवडाभर राव भिंतीला अभंग म्हणाले. ओळ म्हणायची, मनात आकडे मोजत थांबायचं, पुढची घ्यायची. एकादशीला ते तसेच मोजत गायले; मागची माणसं कधी लवकर संपत, कधी उशिरा, आणि आकडे काही जमले नाहीत. दुसऱ्या अभंगाला भागवतरांनी डोळे मिटून घेतले. विश्वेश पुढे सरकला, तो कायमचा.

राव मागे, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसले. विश्वेशने ओळ म्हटली आणि थांबला. बायकांच्या बाजूने सगळ्यांच्या वर एक आवाज उठला. गोमतीबाई ती ओळ परत देत होत्या, मोकळ्या गळ्याने, विश्वेशला.