बापाच्या हाताखाली

अ‍ॅट्रॅक्टा गॅफ्नीने सुपरमार्केटातली नोकरी सोडली ती बापासाठी. फेलिम गॅफ्नी, वय चौऱ्याऐंशी. जन्म गेला आयर्लंडातल्या रॉसकॉमनच्या दलदलीत जळणाची माती कापण्यात. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली आणि त्याला उठवण्यापासून न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं करायला माणूस लागू लागलं. भाऊ ऑस्ट्रेलियात. तो फोनवर म्हणाला, "तूच काय ती मोकळी आहेस." तेव्हापासून ती जी अडकली ती अडकलीच.

पहिलं वर्ष शिलकीवर निघालं. मग घरी येणाऱ्या सरकारी नर्सने तिला धारेवर धरलं.

"घरच्या माणसाचं पूर्णवेळ करणाऱ्याला सरकार भत्ता देतं. तू अर्ज का करत नाहीस?"

"बापाचं करण्याचे पैसे घेऊ?"

"बाप तुझा आहे गं. विजेचं बिल काही तुझ्या नात्यातलं नाही."

अर्ज गेला, यथावकाश मंजूरही झाला. पण अ‍ॅट्रॅक्टाने घरात अवाक्षर काढलं नाही. बापाचा स्वभाव तिला ठाऊक होता. काम नव्हतं तेव्हा अख्खं गाव बेकारभत्त्याच्या रांगेत उभं राहिलं, आणि हा पठ्ठ्या इंग्लंडात बोगदे खणायला गेला. पण रांगेत काही गेला नाही. त्यामुळे दर गुरुवारी ती त्याला गाडीत बसवून ठेवी आणि पोस्टातून त्याची पेन्शन आणि आपला भत्ता एकदमच आणी.

एका गुरुवारी त्याने हट्टच धरला. वॉकर टेकत टेकत आत आला. पोस्टातल्या इमेल्डाला मनापासून आनंद झाला.

"या, फेलिमकाका. ही तुमची पेन्शन. आणि अ‍ॅट्रॅक्टा, हा तुझा बापाला सांभाळायचा भत्ता."

गाडी चर्च ओलांडून पुढे आली तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं,

"कसला भत्ता?"

तिने सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायच्या तयारीने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"म्हणजे मला सांभाळायचा पगार मिळतो तुला."

"पगार नाही, बाबा. भत्ता."

"दर आठवड्याला येतो ना? मग पगारच." तो खिडकीबाहेर बघू लागला. "जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलो. कधी कुणाला कामाला लावलं नव्हतं. लावलं म्हणायचं शेवटी."

अ‍ॅट्रॅक्टाला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून मात्र तिच्या मनावरचं ओझं उतरलं. म्हाताराही खुलला. येईल त्याला सांगे, "ही माझ्याकडे कामाला आहे. चहा पातळ करते, पण हल्ली माणसं मिळतात कुठे?"

जूनमध्ये वर्षातून एकदा मिळणारं वेगळं अनुदान आलं. न्हाणीघरात नवं गरम पाण्याचं यंत्र बसवावं, असं तिच्या मनात होतं.

"ते पैसे न्हाणीघराचे नाहीत," फेलिम म्हणाला. "नर्सने सांगितलंय मला. तुझ्या विसाव्यासाठी आहेत ते. चार वर्षांत एक दिवस रजा घेतली नाहीस. मी इतका वाईट मालक नाही."

"आणि तुमचं कोण करणार?"

"मी म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये आठवडाभराची खाट मागितलीय. फोन केला मी."

नर्सिंग होमच्या नावानेही ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, त्या माणसाने स्वतः फोन केला होता. अ‍ॅट्रॅक्टाने माळ्यावरची बॅग खाली काढली.

भत्त्याबरोबर मिळालेला फुकट प्रवासाचा पास इतकी वर्षं वापराविना पडून होता. तो घेऊन गाड्या बदलत ती केरीला, समुद्राकाठी राहणाऱ्या डिंपना या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली. पहिले दोन दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी तिने फोन लावला.

"बाबा, मी उद्या येते. तुम्ही जेवत नाही म्हणे."

"कोबी उकडून उकडून मारलाय त्यांनी. कुणीच खात नाही. तू येऊन काय त्याला जिवंत करणारेस?" पलीकडे पत्ते पिसल्याचा आवाज आला. "इथे एक रिटायर्ड मास्तर आहेत. काल हरले, आज वसूल करायला बसलेत. ठेव फोन."

ती राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिंपनाने हाक मारली तेव्हा ऊन पार पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. पलीकडच्या खोलीत कुणी खोकतंय का, याकडे कान न ठेवता ती रात्रभर झोपली होती. दोघी ओल्या वाळूत अनवाणी बसल्या, शाळेतल्या नन्सच्या नकला केल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

आठवड्याने ती बापाला आणायला गेली. फेलिमने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"माणसात आलीस," तो म्हणाला. मग मास्तरांकडे वळून, "पुढच्या जूनमध्ये परत येतो. तोवर नीट पिसायला शिका."