मामाजींचे दोन डॉक्टर आणि एक व्याहीभेट

माझ्या सभ्यपणापायी माझे सासरे मरणाच्या दारात जाऊन आले.

आज हसत सांगतेय, पण त्या दिवशीचं काही विचारू नका! आमचे मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) म्हणजे इतवारीत, शहराच्या जुन्या बाजारात, जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस. त्यांचं बीपी बघायचे इतवारीचेच डॉक्टरसाहेब. आमच्या अख्ख्या घराचे गोवर, गालगुंड आणि गॅसेस या एका माणसानं निस्तरलेले. आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेसाला राहायला आलो, तरी गोळ्या इतवारीच्याच.

एकदा मामाजींच्या छातीत कळ आली. शेजारच्या वहिनी धावत आल्या. "अवं, हार्टच्या मोठ्या डॉक्टरले दाखवा ना! काहून रिस्क घेऊन राहिले?"

दाखवलं. कळ निघाली तर्रीची. (सकाळी ठेल्यावर पोह्यांवर तीनदा झणझणीत रश्शाची तर्री घेतली होती, हे मामाजींनी तपासणी झाल्यावर सांगितलं!) पण बीपी वाढलेलं होतंच, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि विचारलं, "आधीचं काही औषध सुरू आहे का?"

"नाही जी," मी म्हटलं. इतक्या मोठ्या माणसासमोर दुसऱ्या डॉक्टरचं नाव कसं घ्यायचं? बरं दिसतं का ते?

घरी आल्यावर माझा नवरा, प्रमोद, म्हणाला, "मग आता इतवारीवाली गोळी बंद करायची ना?"

"बंद? अन् डॉक्टरसाहेबांना कळलं तर? त्यांना किती वाईट वाटेल!"

"मग मोठ्या डॉक्टरची नको देऊ."

"वा! एवढी फी दिली ती काय तोंड पाहायला? दोन्ही देऊ. इतवारीची सकाळी, मोठ्यांची संध्याकाळी. औषधानं कोणाचं वाईट झालंय?" (मी एम.कॉम. आहे. फर्स्ट क्लास.)

इथवर थांबले असते तरी देव पावला असता. पण माझी खरी अक्कल तर पुढेच चालली! ज्या डॉक्टरांकडे तपासायला जायचं, त्यांचीच गोळी आदल्या दिवसापासून द्यायची, दुसऱ्यांची बंद, असा नियम मी काढला. एकाचं औषध पोटात ठेवून दुसऱ्यासमोर हात पुढे करायचा म्हणजे एकाच्या घरी जेवून दुसऱ्याच्या घरी पंगतीला बसण्यासारखं.

"मामाजी, उद्या इतवारीत जायचंय. संध्याकाळची घेऊ नका."

"हाव वं माय, नाही घेत. मले काय, तुम्ही म्हणान ते खाऊन राहिलो मी!"

आता घरी रोज दोन गोळ्यांची सवय लागलेलं शरीर. तपासणीच्या दिवशी पोटात एकच. बीपी चढणार नाही तर काय होणार? डॉक्टरसाहेबांनी पट्टा बांधला, फुगवला आणि कपाळावर आठ्या घातल्या. "काहून गा भाऊ, एवढं औषध देऊन राहिलो, तरी हे खाली येत नाही?" मामाजी माझ्याकडे पाहायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला लागले. डॉक्टरसाहेबांनी गोळी वाढवली.

पुढच्या पंधरवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे हेच. त्यांनीही वाढवली!

मग आलं माझ्या मुलीचं, श्रुतीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. त्या सुमारास कोणाकडेच तपासणी नसल्यानं मामाजींच्या पोटात दोन्हीकडचा वाढीव माल नियमित जात होता. हॉल बेसातलाच. डॉक्टरसाहेबांना आग्रहानं बोलावलेलं, ते पहिल्या रांगेत जिलबी खात बसलेले. मामाजी नव्या कोटात, पण चेहरा जरा उतरलेला. "चक्कर आल्यासारखं करून राहिलं," असं ते दोनदा म्हणाले. मला वाटलं, नात सासरी जाणार म्हणून गहिवरले असतील.

व्याहीभेटीला नाव पुकारलं. मामाजी उठले, दोन पावलं चालले आणि मुलाच्या वडिलांच्या गळ्यातच पडले! हॉलभर टाळ्या! व्याही बिचारे भले माणूस, त्यांनीही घट्ट मिठी मारली. "किती प्रेमळ आहेत जी आजोबा!" त्यांच्या बाजूची एक बाई डोळे पुसत म्हणाली. फोटोग्राफर ओरडला, "आजोबा, जरा इकडे बघा! स्माईल!"

आजोबा काही बघेनात. व्याह्यांचा आवाज आला, "अहो... हे सोडून नाही राहिले... अहो, हे खाली घसरून राहिले!"

माय वं! माझ्या हातातलं ओटीचं ताट तिथेच पडलं. डॉक्टरसाहेब जिलबी टाकून धावले. मामाजींना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, प्रमोदला आपल्या गाडीतून बीपीचं मशीन आणायला पिटाळलं. पट्टा बांधला आणि डॉक्टरसाहेबांचाच चेहरा पांढरा झाला. "बाप्पा! बीपी आहे कुठं यांचं? सुनबाई, माझ्या गोळीशिवाय आणखी काय देऊन राहिले तुम्ही?"

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण समोर मामाजी निपचित पडलेले असताना माझ्या मनात पहिला विचार आला, आता यांना वाईट वाटणार! मी खाली वाकून ओटीचं सांडलेलं सामान गोळा करायला लागले. प्रमोद म्हणाला, "अवं, बोल ना! बाबा चालले ना तिकडे!"

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. मोठे डॉक्टर, दुसरी गोळी, आदल्या दिवशीचा उपास, सगळं. डॉक्टरसाहेबांनी मोठ्या डॉक्टरांच्या गोळीचं नाव विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अवं, हे एकच औषध आहे! फक्त कंपनी वेगळी! दुप्पट-चौपट खाऊन राहिला होता हा माणूस!" आणि त्यांनी लगेच कोणालातरी फोन लावला. "हॅलो, अरे, आपला एक पेशंट आहे, दोघांचाही..."

"तुम्ही ओळखता त्यांना?" मी थक्कच झाले.

"ओळखतो म्हणजे? माझं स्वतःचं हार्ट त्याच्याकडेच दाखवतो मी! पहिलेच बोलल्या असत्या तर मीच पाठवलं असतं. वाईट काहून वाटन मले?"

मला तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. फोनवर दोघांनी मिळून ठरवलं तसं मामाजींना दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. दिवेलागणीला ते डोळे उघडून म्हणाले, "व्याही चांगला माणूस आहे बे. पडू नाही दिलं त्यानं." मी कॉटच्या दांडीला धरून ढसाढसा रडले.

आता मामाजींना एकच गोळी आहे आणि ती दोन्ही डॉक्टरांना पाठ आहे.

त्या संध्याकाळी माझी अवस्था पाहून डॉक्टरसाहेबांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. "तुमचं तर भलतंच चढलं, सुनबाई! आता खरं खरं सांगा, दुसऱ्या कोणाचं औषध सुरू आहे का?"

"छे जी! तुम्हाला सोडून मी कोणाकडे जाणार?" मी ताडकन म्हटलं आणि पर्समधली गुडघ्यासाठीची होमिओपॅथीची बाटली हळूच रुमालाखाली सरकवली.

काय करणार? डॉक्टरसाहेबांना वाईट वाटलं असतं ना!