नातीचा सर्व्हे आणि माझी आगाऊ जीभ

माझी नात प्रज्ञा पुण्याला विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते. गरीब देश आणि त्या देशांतही मागे राहिलेले समाज, हा तिचा विषय. मी पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्यात जन्म घातला, पण ती सुट्टीत आली की तिची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचत बसतो. त्यामुळे ती म्हणाली, "डोंगरातल्या आदिवासी वाडीत वीस घरांचा सर्व्हे आहे, सोमवारी फॉर्म दिले नाहीत तर अख्खं सत्र वाया," तेव्हा मीच उठलो. एकटी कशाला, मी येतो की!

पिंपरी पेंढारहून आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत घोडेगाव. म्हातारा म्हणून माझं अर्धं तिकीट, बाईमाणूस म्हणून तिचं अर्धं. दोघांत मिळून एकच माणूस गेला म्हणा. घोडेगावच्या स्टँडवर पोटभर मिसळ खा आणि पाणी भरून घ्या, वर काही मिळत नाही. डोंगराकडच्या एसट्या मोजक्या, परतीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा. शेवटच्या थांब्यापासून तासभर चढ. उन्हानं डोंगर करपलेला, ओढे कोरडे ठणठणीत.

वाडीत अंगणोअंगणी हिरडा वाळत घातलेला. हे औषधी फळ जंगलातून गोळा करून विकायचं, त्यावर घरची मीठमिरची चालते. बाया त्यासाठी किती राबतात, हेच प्रज्ञाला लिहून घ्यायचं होतं. पहिल्या घरची पारूबाई लाजत होती, तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिला धीर यावा म्हणून मी बोलून गेलो, "ताई, पोरगी विद्यापीठातून आलीय. सगळं सांगा, तुमचं भलं होईल."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. पण तोवर बातमी वाडीभर झाली, सरकारी यादीत गरिबांची नावं लिहून घ्यायला बाई आली.

दुसऱ्या घरी हिरडा नाही. तिसऱ्या घरी कोणी जंगलातच जात नाही. चौथ्या अंगणात वाळवणावर साडी पांघरलेली, कडेनं हिरडा डोकावतोय.

"मावशी, हे काय?"

"पालापाचोळा हाय."

"शेळ्या किती?"

"कुटल्या शेळ्या? आमाला काईच न्हाई बघा."

तेवढ्यात घरामागं शेळी ओरडली. प्रज्ञा हसली, मावशीही पदराआड हसली. पण फॉर्मवर शून्यच पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विसावं घर करून निघालो, तर मागून एक म्हातारी काठी टेकत आली. हातातल्या पिशवीतून रेशनकार्ड काढून तिनं पुढं केलं.

"बाई, माजं नाव घ्या. मागल्या टायमाला ऱ्हायलं व्हतं."

"आजी, ही यादी नाही. मी नुसती शिकतेय."

"मंग शिकून झाल्याव घ्या."

प्रज्ञानं तिचा हात धरून पुन्हा पुन्हा समजावलं. म्हातारी शेवटी "बरं" म्हणाली, पण कार्ड काही पिशवीत ठेवेना. आम्ही उतार लागेपर्यंत ती तशीच उभी होती.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "दे फॉर्म तसेच. तिथं कोण बघायला जातंय?"

"आजोबा, यात लिहिलंय की या वाडीतल्या बाया काहीच काम करत नाहीत. हे देऊ मी?"

गाडीच्या हिंदकळण्यात तिनं एकेका फॉर्मवर 'रद्द' लिहिलं. विसाच्या वीस. मी शेंगदाण्याची पुडी पुढं केली, तिनं घेतली नाही.

सत्र गेलं. तुम्ही त्या बाजूला गेलात तर डोंगर बघा, माणसांशी बोला, पण ज्याची चावी आपल्या हातात नाही ते दार कुणाला दाखवू नका.

महिन्याभरानं कोरे फॉर्म घेऊन ती पुन्हा वाडीकडे निघाली. मी चपला घालायला लागलो तर हळूच म्हणाली, "आजोबा, या वेळी मी एकटी जाते."

फाट्यापर्यंत सोडायला गेलो. काय बोलायचं, कसं बोलायचं, सांगण्यासारखं खूप होतं. एसटी आली, ती चढली, आणि मी तोंड मिटून नुसता हात हलवला.